मुकादमाचा डावा कान

घरमालकीण पट्टी बांधलेला पाय घेऊन अख्खा जिना चढून आली, म्हणजे पाय फारसा दुखत नव्हता. पण दाखवायला आणलेल्या पायाला दुखतंय का असं विचारायची पद्धत नसते. तिने तो पाय शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि म्हणाली, "चौथा."

"चौथा काय?" स्टोअरकीपरने विचारलं.

"चावा. पहिले तीन मी मनावर घेतले नाहीत. म्हटलं, मुकं जनावर आहे. आता बस्स. महिनाअखेरपर्यंत एक तर ते मांजर जाईल, नाही तर तुम्ही तिघं जाल."

"आम्ही दोघंच आहोत."

"मांजर धरून तिघं. ते गेलं तर दोघं राहाल, नाही गेलं तर कोणीच राहणार नाही. माझी काही जबरदस्ती नाही."

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो मशीनच्या पाट्यावर, कापून ठेवलेल्या कॉलरवर बसून मालकीणबाईंच्या दुसऱ्या पायाकडे बघत होता. करड्या पट्ट्यांचा, रुंद जबड्याचा बोका. डाव्या कानाचा त्रिकोणी तुकडा गेलेला. तो कावळ्याने नेला होता, आणि त्या बदल्यात कावळ्याचं काय गेलं हे विचारायला कावळा पुन्हा दिसला नाही. घरात कोण काम करतंय आणि कोण बसून आहे हे तो दिवसातून दहा वेळा फिरून बघायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं होतं.

स्टोअरकीपरच्या बायकोने त्याला गटारातून उचललं तेव्हा त्याचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध पाजून तिने तो जगवला. घरी बसून लोकांचे कपडे शिवणारी, कमी बोलणारी बाई. मुकादम जगात फक्त तिलाच चावत नसे. मांडीवर मात्र तो तिच्याही बसला नाही. मांडीवर बसणं हा त्याच्या मते स्वभावातला कच्चेपणा होता.

"जाईल कुठे तो?" मालकीणबाई गेल्यावर बायको म्हणाली. "याला कोण ठेवून घेईल?"

"चावणं बंद झालं की प्रश्नच मिटला," स्टोअरकीपर म्हणाला. "डॉक्टरला दाखवू."

डॉक्टरला दाखवणं ही गोष्ट या घराला नवी नव्हती. पहिला डॉक्टर काचेच्या दाराचा होता. आत गार हवा, भिंतीवर हसणाऱ्या कुत्र्याचा फोटो, आणि माणसांना बसायला आपल्या घरात नसेल असा सोफा. डॉक्टर कॉम्प्युटरसमोर बसून टाइप करत राहिला. वीस मिनिटांत त्याने मांजराकडे एकदाच बघितलं, ते चावल्यावर. मग रक्त, लघवी, एक्स-रे आणि सोनोग्राफी करून निदान दिलं, की ताण आहे. "कुणाला?" असं स्टोअरकीपरने विचारलं, त्याचं उत्तर कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. ताणावर एक खास खाद्य मिळालं. त्या पिशवीवर मुकादम तीन महिने झोपला. खाल्लं नाही.

दुसरा डॉक्टर जन्मभर गुरांचं बघत आला होता आणि मांजर म्हणजे न वाढलेलं वासरू अशी त्याची समजूत होती. त्याने मुकादमला वासरासारखं दोन गुडघ्यांत धरलं. पुढचा अर्धा तास डॉक्टरवरच उपचार चालले होते. निघताना तो एवढंच म्हणाला, "हे जनावर नाही." मग काय आहे, ते त्याने सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही.

आता तिसरी डॉक्टरीण होती. गल्लीतला तीन खोल्यांचा दवाखाना, बाहेर एक बाकडं, आत फिनेलचा वास. तिने मुकादमला टेबलावर घेतलंच नाही. ती फरशीवर मांडी घालून बसली, टोपलीचं दार उघडलं आणि गप्प राहिली.

दहा मिनिटं झाली. स्टोअरकीपरने घड्याळ बघितलं. "तपासायला सुरुवात कधी करणार?"

"केली आहे."

मुकादम आपणहून बाहेर आला. त्याने डॉक्टरांचे बूट तपासले, ते त्याला पसंत पडले असावेत. तो वळला तेव्हा टॉवेलमध्ये गुंडाळला गेलेला होता आणि त्याचा जबडा उघडला होता, आणि हे नेमकं कधी झालं हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

"मागची दाढ सडली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची दाढ ठणकत असली की तुम्ही काय करता?"

"हे ओरडतात," बायको म्हणाली.

"तो चावतो. दाढ काढू, नसबंदीही करून टाकू. दाढेमुळे चावत असेल तर थांबेल. स्वभावच तसा असेल तर माझ्याकडे त्यावर औषध नाही. बुधवारी आणा."

यातलं "थांबेल" एवढंच स्टोअरकीपरने ऐकलं. बाकीचं त्याच्या कानांवर पडलं, पण ऐकणं वेगळं आणि कानांवर पडणं वेगळं.

बुधवारी या दवाखान्यात ऑपरेशनं असतात. घरून आणलेल्या टोपल्या गळतात, तुटतात, म्हणून त्या दिवशी सगळी जनावरं दवाखान्याच्या एकसारख्या निळ्या पेट्यांमध्ये ठेवतात. जखम चाटू नये म्हणून गळ्यात कान झाकणारं प्लास्टिकचं नसराळं, पेटीवर टॉवेल, आणि कागदी टेपवर लिहिलेला नंबर. दहा दिवसांनी तपासायला आणायचं आणि पेटी परत करायची.

संध्याकाळी पाच वाजता स्टोअरकीपर आणायला गेला. एकटाच, कारण बायकोला सहापर्यंत एक सूट द्यायचा होता. भिंतीशी अकरा निळ्या पेट्या ओळीने मांडल्या होत्या. त्यांच्याकडे बघून त्याने चष्मा सारखा केला.

इथे या माणसाबद्दल सांगायला हवं. तो एका कारखान्याच्या भांडाराचा प्रमुख होता. बोल्ट, नट, वॉशर, व्हॉल्व्ह, गॅस्केट मिळून चार हजार वस्तू, आणि तीस वर्षांत एकही चूक नाही. ही गोष्ट तो रोज जेवताना सांगायचा. कालच्या दिवसातही चूक झाली नाही, ही त्यात रोज नव्याने पडणारी भर. ज्या बाईला तीस वर्षांपैकी वीस वर्षं हे ऐकावं लागतं ती बोलायची कमी होते, यात तिचा स्वभाव किती आणि ऐकण्याचा परिणाम किती, हे कोणी तपासत नाही. अशा माणसांना घरात कोणी थांबवत नाही आणि ऑफिसात बढती देतात.

तर पेट्यांवरचे नंबर वाकडेतिकडे लावले होते. एक झाकणावर, एक बाजूला, एक तर चक्क हँडलवर. स्टोअरकीपर वाकला आणि त्याने पहिली पट्टी सोलून वरच्या उजव्या कोपऱ्यात सरळ लावली.

"राहू द्या हो काका," काउंटरवरची बाई फोन कानाला लावूनच म्हणाली.

काका हा शब्द त्याला लागला. त्यामुळे त्याने उरलेल्या दहाही नीट करायचं ठरवलं. काम लवकर व्हावं म्हणून तो दोन-दोन पट्ट्या एकदम सोलू लागला. चार आणि पाच नंबरच्या पट्ट्या दोन बोटांवर असताना खिशातला फोन वाजला. बोटं मोकळी करायला त्याने दोन्ही पट्ट्या शर्टाच्या बाहीवर चिकटवल्या.

"शुद्धीवर आला का तो?" बायकोने विचारलं.

"येईल. इथे नुसता गोंधळ आहे. मी नसतो तर यांचं काय झालं असतं कुणास ठाऊक."

फोन ठेवून त्याने पट्ट्या पुन्हा लावल्या. अकराही नंबर एका रेषेत आले. पाचचा चारच्या पेटीवर आणि चारचा पाचच्या पेटीवर बसला होता, पण सरळ बसला होता.

मग त्याने पावती वाचली, तिच्यात राहून गेलेली तारीख घातली आणि सही केली.

"टॉवेल उचलून एकदा बघून घ्या," काउंटरवरची बाई म्हणाली.

"नंबर जुळतोय ना?"

"हो, चार."

"मग बघायचं काय त्यात? नंबर जुळल्यावर खोकं उघडतो त्याचा नंबरांवर विश्वास नसतो."

रात्रभर टॉवेल काढायचा नव्हता. गुरुवारी सकाळी काढला. नसराळं घातलेला करडा बोका हळूच बाहेर आला, खोलीभर बघून त्याने एक बारीक आवाज काढला आणि बायकोच्या मांडीवर चढून झोपला.

बायकोचे दोन्ही हात हवेतच राहिले.

"बघ," स्टोअरकीपर डबा भरता भरता म्हणाला. "याला म्हणतात काम. जनावराचा माणूस करून दिला."

बायकोने नसराळ्यात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "हो," ती म्हणाली. "काम तर झालंच आहे."

त्या दिवशी दुपारी मालकीणबाई भाड्याच्या खोलीतला गळका नळ बघायला वर आल्या. बोका त्यांच्या पट्टीच्या पायाला अंग घासू लागला. मालकीणबाई भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. मग स्टुलावर बसल्या. तासाभराने स्टोअरकीपर कामावरून लवकर घरी आला तेव्हा बोका त्यांच्या मांडीवर घोरत होता आणि त्यांनी नळाचं नावही काढलं नव्हतं.

"पोटात किती माया आहे हो याच्या," त्या म्हणाल्या. "मी बोलले ते विसरा. राहा तिघंही."

"ऑपरेशनचा परिणाम," स्टोअरकीपर म्हणाला.

"माझ्या दिराला नेता येईल का तिथे?"

शनिवारी स्टोअरकीपर मुद्दाम दवाखान्यात गेला आणि अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहून आला. 'सदर मांजर पूर्वी सदोष होते. दुरुस्तीनंतर सुस्थितीत प्राप्त झाले असून वापरात कोणतीही तक्रार नाही.' खाली पूर्ण सही. मग त्याने गल्लीभर सांगितलं. सोमवारपासून दवाखान्यासमोर रांग लागली. कुणाचा कुत्रा टायरला चावायचा, कुणाची मांजर सासूला. एकाने शिव्या देणारा पोपट आणला होता. सगळ्यांना तेच ऑपरेशन हवं होतं. डॉक्टर प्रत्येकाला सांगत होत्या, की असं काही ऑपरेशन नसतं. लोकांनी त्याचा अर्थ असा काढला, की असतं, पण ओळखीशिवाय करत नाहीत. ते स्टोअरकीपरकडे शिफारशीची चिठ्ठी मागायला येऊ लागले. त्याने सात चिठ्ठ्या दिल्या.

मंगळवारी नसराळं काढायचा दिवस होता. बायको भाजी आणायला गेली होती. स्टोअरकीपरने स्वतः काढलं, आणि त्याला डावा कान दिसला.

कान पूर्ण होता.

त्याने उजवा बघितला. तोही पूर्ण. पहिल्यांदा त्याला वाटलं, डॉक्टरांनी जाता जाता कानही नीट करून दिला असेल. बाई कामाला चोख आहे. मग त्याला शर्टाची बाही आठवली. ती आठवण बाहीवरून वर चढत खांद्याशी आली, तिथून मानेत गेली, आणि तो जमिनीवर बसला. बोका ताबडतोब त्याच्या मांडीवर आला.

तीस वर्षं, चार हजार वस्तू.

सांगून टाकायला हवं होतं. पण सांगितलं तर खरा मुकादम घरी येणार, मालकीणबाईंना चावणार आणि महिनाअखेरीला तिघं रस्त्यावर. शिवाय वहीत पानभर सही. शिवाय सात चिठ्ठ्या. आणि बायको किती आनंदात आहे, तिला केवढा धक्का बसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. नवरे स्वतःच्या भीतीला बायकोची काळजी म्हणतात. त्याने झोप लागते.

त्याला लागली नाही. त्या दिवसापासून तो जेवताना बोलायचा बंद झाला.

आता बायकोचं. तिला गुरुवारी सकाळी, मांडी जड झाली त्या क्षणी कळलं होतं. ड्रॉपरने वाढवलेलं पोर बाई कानावरून ओळखत नाही. नवरा डबा घेऊन कामावर गेल्याबरोबर ती चपला घालून दवाखान्यात पोचली होती.

काउंटरवरची बाई आधीच रडकुंडीला आली होती. तिने अभिप्रायाची वही पुढे केली. सकाळी दार उघडल्या उघडल्या कुणीतरी लिहून गेलं होतं: 'माझे मांजर तुम्ही बिघडवले. दिले तेव्हा लोणी होते, परत आले ते मिरची. असला दवाखाना बंद करावा.'

"माझ्या नोकरीवर येणार आता हे," ती म्हणाली. "आणि ताई, तुमच्या मिस्टरांनी काल सगळ्या पट्ट्या सोलल्या. मी म्हटलं, राहू द्या. ते ऐकतात का?"

"नाही," बायको म्हणाली. "ऐकत नाहीत."

तिने आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं, पट्ट्यांसकट, म्हणजे काउंटरवरच्या बाईवर आळ नको. डॉक्टर हात पुसत म्हणाल्या, "दोन्ही घेऊन या, आत्ता बदलून देते."

"दहा दिवस थांबता येईल? तो आज घरी आला आणि चावला, तर त्याला कायमचं घालवावं लागेल मला."

"मला चालेल. त्या पाच नंबरवाल्या काकांना विचारा."

ते काका म्हणजे एकटे राहणारे घड्याळजी. जन्म घड्याळाच्या पोटात डोकं घालण्यात गेल्यामुळे त्यांना दोन बोटांवरचं लख्ख दिसायचं आणि दोन हातांवरचं धूसर. परत आलेलं मांजर त्यांना दोन बोटांपर्यंत येऊ देत नव्हतं, त्यामुळे ते दुसरंच आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. मुकादम त्यांच्या कामाच्या टेबलावर सुट्या चक्रांच्या मधोमध बसून, काम नीट चाललंय का, हे बघत होता. बायको दारात दिसताच तो उठला, तिच्या चपलेशी आला आणि तिथे बसून राहिला. तिने बराच वेळ वर बघितलं नाही.

"म्हणजे माझा लोण्या तुमच्याकडे आहे?" सगळं ऐकून घड्याळजी म्हणाले. "ठीक आहे ना तो? त्याला उशी लागते. तांबडी. दुसरी दिली तर रात्रभर फिरतो."

"उशी मी नेते. पण काका, दहा दिवस हा तुमच्याकडे राहू द्या. नाही तर रस्त्यावर येईल तो."

"दहा दिवस मी जगेन का, ते त्याला विचारा." पण माणूस मऊ होता. लोण्याला मऊपणाचं वळण त्यांनीच लावलं असणार. त्यांनी उशी दिली.

बायको रोज दुपारी तिथे जाऊ लागली. नवऱ्याला वाटायचं, माप घ्यायला जाते. आणि रविवार उलटल्यावर सोमवारी ती गेली तेव्हा घड्याळजी तिची वाटच बघत होते.

"काल माझी थोरली बहीण आली होती," ते म्हणाले. "दर रविवारी येते. दहा ते दोन. मी कसं जगायला हवं होतं ते सांगते. हे दुकान विकायला हवं होतं, लग्न करायला हवं होतं, लोकर घालायला हवी होती. सदतीस वर्षं झाली."

"मग?"

"साडेदहाला गेली." त्यांनी टेबलावरच्या मुकादमकडे आदराने बघितलं. "घोट्याला. मी काही म्हटलं नाही बरं का. तो आपणहूनच."

दहाव्या दिवशी, शनिवारी, बायको आणि घड्याळजी आपापली पेटी घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दोन्ही बोके तपासले. मुकादमच्या हिरडीची जखम चांगली भरली होती. मग त्यांनी वही उघडून त्या दोघांसमोर ठेवली. एका पानावर घड्याळजींची तक्रार, समोरच्या पानावर स्टोअरकीपरची स्तुती.

"एका दिवसाचं, एका हाताचं काम," त्या म्हणाल्या. "एक म्हणतो दवाखाना बंद करा, एक रांग लावून देतो. दाढ मुळासकट निघाली, एक तुकडा राहिला नाही, हे दोघांपैकी एकाने तरी लिहायचं."

घड्याळजी ओशाळले. "माझं पान फाडून टाकू का?"

"असू द्या. दोन्ही असू द्या. लोकांना शहाणपण येईल तेव्हा येईल."

अशा रीतीने मुकादम घरी आला. संध्याकाळी स्टोअरकीपर कामावरून परतला, पायातले मोजे काढले आणि त्याचं लक्ष मशीनच्या पाट्यावर गेलं.

डावा कान फाटलेला होता.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कानाचा त्रिकोण जिथे नव्हता तिथे पुन्हा नव्हता. त्याने बोट पुढे केलं. बोका चावला. स्टोअरकीपरला क्षणभर इतकं बरं वाटलं, की त्याने बोट काढून घ्यायला उशीर केला.

"काय झालं?" बायकोने मशीन न थांबवता विचारलं.

विचारावं तरी काय? हा कुठून आला, असं विचारायचं तर तो गेला होता हे आपल्याला माहीत असल्याचं कबूल करावं लागत होतं. गेला कसा, यावर पुढचा प्रश्न येणार, आणि तो बाहीशी जाऊन थांबणार.

"काही नाही," तो म्हणाला. "गारवा आहे आज."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी बायको टोपली घेऊन गेली. "ड्रेसिंग आहे," एवढंच म्हणाली. ती परत आली, टोपली उघडली. बोका बाहेर आला आणि स्टोअरकीपरच्या मांडीवर चढला. दोन्ही कान पूर्ण. सोमवारी कामावरून आला तर डावा फाटलेला. कारण घड्याळजींनी रविवारपुरतं मुकादमला मागून घेतलं होतं, आणि रविवारी तो तिकडे तर लोण्या इकडे, असं त्यांचं आणि बायकोचं ठरलं होतं. स्टोअरकीपरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला दिसत होतं ते एवढंच, की एक कान रविवारी भरून येतो आणि सोमवारी पुन्हा फाटतो.

मंगळवारी दुपारी मालकीणबाई जिना चढून आल्या. पायाला नवी पट्टी होती. त्यांनी पाय स्टुलावर ठेवला.

"पाचवा."

बायकोचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. मुकादम कपड्यांच्या ढिगामागे होता. महिना संपायला दोन दिवस होते. आपण दोघं कुठेही राहू, पण याला घेऊन कोण राहू देईल, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता, आणि तो पुरा व्हायच्या आत मालकीणबाई म्हणाल्या, "तो दुसरा कुठे असतो?"

"कोण दुसरा?"

"अगं, माझ्या मांडीवर झोपायचा तो. मला काय खुळी समजलीस? हा चावतो ना, तो डोळ्यांत डोळे घालून चावतो. चार वेळा बघितलंय मी हे तोंड. ज्याला चावलंय तो तोंड विसरत नसतो."

"मग बोलला का नाहीत काकू?"

"बोलले असते तर तू त्याला लगेच परत नेलं असतंस." मालकीणबाईंनी पाय खाली घेतला. "इतकी वर्षं झाली माझ्या मांडीवर कोणी डोकं ठेवून. नातवंडं येतात ती फोन घेऊन बसतात."

बायको म्हणाली, "रविवारी येतो तो. दहाला."

"आठला आण."

"आणि हा?"

मालकीणबाईंनी कपड्यांच्या ढिगाकडे बघितलं. ढिगातून दोन डोळे त्यांच्या घोट्याकडे बघत होते. "राहू दे. मी जिन्यात बूट घालीन. धाकट्या मुलाचे पडलेत खाली, जाड आहेत." त्या उठल्या, दारात थांबल्या. "तुझ्या मिस्टरांना माहीत आहे का हे?"

"त्यांना वाटतं, त्यांना एकट्यालाच माहीत आहे."

"अगं बाई. मग सांग की त्यांना. वाळले बिचारे."

"सांगणार आहे," बायको म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला घेतला. ओवायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला.

स्टोअरकीपर एकदा डॉक्टरांकडेही जाऊन आला, मांजर न घेता. बाकड्यावर नंबर लावून बसला, आत गेला आणि दार लावून घेतलं. "एक सर्वसाधारण प्रश्न आहे," तो म्हणाला. "ऑपरेशन झालेल्या मांजराचा कान, समजा, फक्त रविवारी…" इथे तो थांबला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "हे तुम्ही घरी कुणाशी बोललात?"

"नाही."

"बोलून बघा. मी जनावरांची डॉक्टर आहे."

त्या रविवारी तो सकाळपासून खुर्चीत बसून होता. मांडीवर बोका होता, दोन्ही कान शाबूत. मशीन चाललं होतं. वीस वर्षांत रविवारच्या सकाळी त्या खोलीत मशीनचा आवाज असा सलग कधी ऐकू आला नव्हता. तो आवाज तीस वर्षं आणि चार हजार वस्तूंच्या खाली दबलेला असायचा. जिन्यात जड बुटांचा आवाज येऊ लागला. मालकीणबाई आपला वार वसूल करायला वर येत होत्या.

स्टोअरकीपरने घसा साफ केला. "अगं," तो म्हणाला, "मी काय म्हणतो…"

बायकोने पायट्यावरचा पाय उचलला. मशीन थांबलं. ती मान न वळवता वाट बघत राहिली.

त्याने बोक्याच्या डाव्या कानावरून एक बोट हळूच फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काही नाही," तो म्हणाला.

"बरं," बायको म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.